स्टोक ब्रुअर्न: कालव्याकाठची घरं आणि घर नसलेली माणसं

मिल्टन कीन्सला राहणाऱ्या मराठी मंडळींना ग्रँड युनियन कालवा काही नवीन नाही, आपल्यातले कितीतरी जण संध्याकाळी त्याच्याच काठानं चालायला जातात. त्याच कालव्यानं वर उत्तरेला गेलं की नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये स्टोक ब्रुअर्न लागतं, गाडीनं अगदीच जवळ. बहुतेक लोक तिथे आइस्क्रीम खातात, लॉकमधून (पाण्याची पातळी कमी-जास्त करणारा दारांचा टप्पा) बोटी वरखाली होताना बघतात, फोटो काढतात आणि परत येतात. मला मात्र त्या काठावरच्या घरांनी पकडून ठेवलं. पिवळसर दगडाची, विटांची बुटकी घरं, एका बाजूला शाकारलेल्या छपराचा बोट इन नावाचा पब, समोर जुनी धान्याची गिरणी (आता म्युझियम), आणि मध्ये पाणी. या घरांत कोण राहायचं, हे शोधायचंच असं ठरवलं.

गाव मुळात कालव्याच्या कितीतरी आधीचं आहे, चर्च वर टेकाडावर. 1793 साली पार्लमेंटनं ग्रँड जंक्शन कालव्याचा (आजच्या ग्रँड युनियनच्या या भागाचं तेव्हाचं नाव) कायदा केला, विल्यम जेसप मुख्य इंजिनिअर आणि जेम्स बार्न्स प्रत्यक्ष जागेवर, आणि त्यांनी हा कालवा सरळ गावातनंच नेला. म्हणजे शेतकऱ्यांचं गाव होतं ते एका पिढीत बंदर झालं! लंडन ते मिडलंड्स सगळी मालवाहतूक दारातनं जायला लागली.

पण स्टोक ब्रुअर्नला खरं महत्त्व आलं ते एका अडचणीमुळे. पलीकडे ब्लिसवर्थची टेकडी, तिच्यातनं बोगदा काढायचा होता, पहिला प्रयत्न पाण्यामुळे फसला, सगळं सोडून नव्या रेषेत पुन्हा खणावं लागलं. 1800 पर्यंत बाकीचा कालवा तयार आणि मध्ये फक्त हा डोंगर! मग टेकडीवरनं घोड्यांनी ओढायची रुळांची गाडी टाकली, माल एका बाजूला बोटीतून उतरवायचा, डब्यात भरायचा, पलीकडे परत बोटीत चढवायचा, असं बोगदा उघडेपर्यंत म्हणजे मार्च 1805 पर्यंत चाललं. विचार करा, किती हमाल, किती घोडेवाले, किती लोहार लागले असतील. काठावर वस्ती का वाढली याचं उत्तर मला तरी इथेच मिळालं.

बोगदा 2,813 मीटर लांब, आणि आत घोड्याला चालायला वाटच नाही. घोडा सोडून टेकडीवरनं पलीकडे न्यायचा, तो रस्ता अजून आहे आणि त्याचं नावही बोट हॉर्स रोडच आहे. मी तो चालून आलो, जरूर चाला. आणि खाली बोगद्यात? दोन माणसं फळ्यांवर उताणी झोपायची आणि दोन्ही बाजूच्या भिंतींवर पाय टेकत टेकत अंधारात अख्खी भरलेली बोट पलीकडे न्यायची. यांना लेगर म्हणत, तो एक धंदाच होता. पुढे वाफेच्या बोटी आल्या, 1861 साली तशा एका बोटीच्या धुरानं बोगद्यात माणसं गुदमरून मेली, मग हवेसाठी जास्तीचे शाफ्ट खणले, आणि 1871 पासून वाफेचे टग बोटी ओढायला लागले तसं लेगरांचं काम संपलं.

आता घरांचा शोध. ज्यांना असं काही करायचंय त्यांना सांगतो, सुरुवात नकाशांपासून करा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटिश सरकारी नकाशाखात्याचे) नकाशे फुकट बघता येतात, इंग्लंडचेसुद्धा, आणि आजच्या नकाशावर जुना ठेवून सरकवता येतो. कुठली भिंत जुनी, कुठलं घर नंतरचं, लगेच दिसतं. मग जनगणना, दर दहा वर्षांनी, 1841 पासून नावानिशी. 1841 मध्ये मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत उतरवलीत त्यामुळे त्या वयांवर फार विसंबू नका. 1921 ची शंभर वर्षांनी 2022 ला खुली झाली, 1931 ची आगीत जळाली, 1941 ला युद्धामुळे झालीच नाही, म्हणून 1921 नंतर एकदम 1939 च्या रजिस्टरवर (युद्ध सुरू होताना केलेली लोकांची नोंद) यावं लागतं.

हे सगळं करता करता मला एक गोष्ट खूप लागली. घरात राहणारा माणूस सापडतो, लॉककीपर, सुतार, पबवाला. पण ज्यांच्यामुळे हा काठ जगला ते बोटवाले इथल्या एकाही दाराशी नोंदलेले नाहीत. त्यांना घरच नव्हतं. सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद बोट, त्यात जवळजवळ सगळी जागा मालाची, आणि मागे दहाएक फुटांच्या केबिनमध्ये नवरा बायको पोरं सगळी. रेल्वेशी स्पर्धा सुरू झाल्यावर भाडी पडली, वेगळे हमाल परवडेनात, तेव्हा बायकापोरंच खलाशी झाली. जनगणनेच्या रात्री बोट जिथे बांधलेली असेल तिथे त्यांची नोंद, म्हणजे एकच कुटुंब दर दहा वर्षांनी वेगळ्या जिल्ह्यात. आपल्याकडे बीडकडची ऊसतोड कुटुंबं कारखान्यावर जातात आणि पोरांची शाळा सुटते, अगदी तेच. जॉर्ज स्मिथ नावाच्या माणसानं यावर रान उठवलं आणि 1877 आणि 1884 असे दोन कायदे झाले, बोटींची नोंदणी, केबिनमध्ये किती माणसं राहू शकतात याची तपासणी, आणि पोरांच्या शाळेकडे लक्ष. लक्ष कागदावरच जास्त राहिलं, कारण बोट आज इथे आणि उद्या तिसरीकडे, पोर शाळेत बसणार कधी?

या माणसांसाठी गावात एक दार मात्र कायम उघडं होतं. मेरी वॉर्ड, सगळे त्यांना सिस्टर मेरी म्हणत. वडील दोरखंड बनवणारे, घर लॉकच्या शेजारीच. बोटवाल्यांना डॉक्टर मिळणं अवघड, एका जागी थांबलं तर भाडं बुडतं, म्हणून येताजाता सिस्टर मेरींकडे जखमा बांधायच्या, बाळंतिणींना दाखवायचं, आलेली पत्रंही त्यांनीच वाचून दाखवायची. वर्षानुवर्षं हे काम केलं, 1951 मध्ये त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. माझ्या मते या रस्त्यावरचं सगळ्यात महत्त्वाचं घर त्यांचं आहे, पब आणि गिरणी त्यानंतर.

म्युझियमची गोष्टही तशीच. जॅक जेम्स नावाच्या लॉककीपरनं बोटवाल्यांच्या वस्तू, रंगवलेले पाण्याचे डबे, पितळी सामान, असं काय काय जमवून ठेवलं होतं, त्यातनंच 1963 ला म्युझियम उभं राहिलं. तेव्हा लोक हे भंगारात टाकत होते. 1970 मध्ये साउथॉलच्या जॅम कारखान्याला कोळसा नेणाऱ्या बोटींचं काम थांबलं आणि या कालव्यावरची नेहमीची मालवाहतूक जवळपास संपलीच, म्हणजे त्या माणसानं अगदी वेळेत हात घातला.

माझा पुढचा टप्पा याच कालव्यावरचं ब्रॉन्स्टन गाव. तिथल्या चर्चमध्ये बोटवाल्या कुटुंबांची लग्नं, बारसी आणि दफनं होत आली. स्टोक ब्रुअर्नच्या दारांवर जी नावं मिळत नाहीत ती तिथल्या रजिस्टरांत शोधणार आहे. तुमच्यापैकी कुणी नॉर्थॅम्प्टनच्या रेकॉर्ड ऑफिसात बोटींची नोंदणी बघितली असेल तर नक्की सांगा.