सौर-विद्युत तीनचाकी बांधताना : माझा अनुभव

वेगवान विद्युत वाहन बांधायचे म्हटले की मोटार किती किलोवॅटची घ्यावी, हा प्रश्न बहुधा सर्वांत आधी विचारला जातो. कोल्हापुरात, नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात, मी एका माणसासाठी पुढे दोन आणि मागे एक चाक असलेले सौर-विद्युत वाहन बांधले, तेव्हा पहिला प्रश्न मात्र वेगळा ठेवला : एक किलोमीटर जायला किती वॅट-तास लागतील? पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या एका आकड्यावरून घेतले आणि छंद म्हणून या कामात उतरणाऱ्या प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण छतावर आहे. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद छतावर चारशे वॅटची पॅनेल बसतात, कारण लख्ख उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते आणि पॅनेल तिच्यातील साधारण पाचवा हिस्सा विजेत उतरवते. गाडीवरचे पॅनेल सूर्याकडे तिरपे करता येत नाही, ते तापते आणि त्यावर धूळही बसते. हे सगळे वजा केल्यावर उन्हाळ्याच्या चांगल्या दिवशी हाती दीड किलोवॅट-तास, म्हणजे दीड युनिट वीज येते. चारचाकी विद्युत मोटारीला किलोमीटरमागे सव्वाशे वॅट-तासांच्या आसपास लागतात, तेव्हा तिच्या छतावरची ही वीज बारा किलोमीटरमध्ये संपेल. पण एखादे वाहन अठरा वॅट-तासांत एक किलोमीटर जाणारे असेल, तर त्याच विजेवर ऐंशी किलोमीटर होतात. १९८७ साली डार्विन ते अॅडलेड या सुमारे तीन हजार किलोमीटरच्या पहिल्या ‘वर्ल्ड सोलर चॅलेंज’ शर्यतीत जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ या सौर गाडीने ताशी सुमारे ६७ किलोमीटरची सरासरी राखून विजय मिळवला, तो अवाढव्य मोटारीच्या बळावर नव्हे, तर गाडीचा आकार हवा कापत जाण्यासाठी घडवलेला होता आणि वजन कसोशीने कमी केलेले होते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याला तोंड देण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, म्हणजे वेग दुप्पट केला की हवेपोटी लागणारी शक्ती आठपट होते. बसणाऱ्यासह सुमारे २३० किलो वजन धरून मी जो हिशेब मांडला, त्यात ताशी ४५ किलोमीटरला बॅटरीतून साधारण ८३० वॅट आणि ६० किलोमीटरला पावणेदोन किलोवॅट लागतात असे दिसले. त्यामुळे दोन किलोवॅटची बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेली, मोटार पुरेशी ठरली. त्याहून मोठ्या मोटारीसोबत जाड तारा, मोटारीचा प्रवाह नियंत्रित करणारा मोठा कंट्रोलर आणि मोठी बॅटरी येते आणि हे सगळे वजन पुन्हा त्याच मोटारीला ओढावे लागते.

चौकट शिवाजी उद्यमनगरातल्या एका कार्यशाळेत पातळ भिंतीच्या पोलादी नळ्यांची बांधून घेतली. ॲल्युमिनियम हलके असते हे खरे, पण त्याचे वेल्डिंग कुशल हाताशिवाय भरवशाचे होत नाही आणि सांध्याजवळची ताकद घटते; पोलादाची दुरुस्ती मात्र कुठल्याही गावात होते. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी सुरुवातीलाच सांगितले, ‘‘आधी सगळीकडं टॅक मारून घेऊ, गुण्या लावून बघू, मगच फुल वेल्ड. एका बाजूनं ओढलं की चौकट त्या अंगाला जाणार.’’ टॅक म्हणजे सांधा जागेवर धरणारे वेल्डिंगचे छोटे टिपके. ते झाल्यावर त्यांनी समोरासमोरचे सांधे आळीपाळीने भरले, मध्ये थंड होऊ दिले, आणि चौकट सरळ उतरली. पुढच्या दोन चाकांची समांतरता मी एका मिलिमीटरच्या आत आणली, कारण चाके थोडी जरी आत-बाहेर वळलेली राहिली तरी टायर प्रत्येक फेऱ्यात आडवा घासतो आणि तेवढी वीज रस्त्यावर खर्च होते.

कागदावरचा हिशेब खरा किती, हे तपासण्याची स्वस्त आणि उत्तम पद्धत म्हणजे गाडीला वेग देऊन वीज तोडायची आणि वेग कसा उतरतो ते मोजायचे. एका परिचितांच्या कारखान्याच्या आवारातील सपाट, सरळ रस्त्यावर मी वेगाचे दोन टप्पे वेगळे मोजले : ४५ वरून ३५ आणि १५ वरून ५. वरच्या टप्प्याला तेरा सेकंदांच्या आसपास लागले, खालच्याला चाळिसाहून अधिक. संथ वेगातील उतार मुख्यतः चाकांचा विरोध सांगतो आणि वरच्या वेगातील फरक हवेचा. वारा आणि रस्त्याचा सूक्ष्म उतार वजा व्हावा म्हणून दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घेणे आवश्यक असते. दोन्ही विरोध वेगवेगळे कळले की पैसे टायरवर घालायचे की हवा कापणाऱ्या आवरणावर, याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही.

सर्वाधिक वेळ मी बॅटरीला दिला आणि तो दिलाच पाहिजे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या ५० अँपिअर-अवरच्या सोळा सेल एकसरीत जोडून ५१.२ व्होल्ट आणि सुमारे अडीच किलोवॅट-तासांची बॅटरी तयार होते. हे रसायन इतर लिथियम सेलपेक्षा जड असते, पण उष्णतेत अधिक स्थिर राहते. घरी काम करणाऱ्याने वजनातला हा तोटा विनातक्रार स्वीकारावा. जोडण्यापूर्वी सर्व सेल समांतर लावून ३.६५ व्होल्टपर्यंत हळूहळू भरले आणि प्रवाह अगदी कमी होईपर्यंत तसेच ठेवले, कारण या सेलचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो आणि दोन सेलमधील भरणीचा फरक तिथे मीटरला दिसतच नाही.

सांधे करताना तांब्याच्या प्रत्येक पट्टीची टोके बारीक पॉलिश पेपरने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, लगेच बसवली. बोल्ट टॉर्क पान्याने, सेल बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेतच आवळले. पान्याच्या दांड्याला पूर्ण लांबीभर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती आणि हातात अंगठी किंवा घड्याळ नव्हते, कारण अशी बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो-हजारो अँपिअर वाहू शकतात. नंतर ५० अँपिअरचा प्रवाह चालू ठेवून मल्टिमीटरची टोके प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंना टेकवली. चांगल्या सांध्यावर पाच मिलिव्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. तो पन्नास दिसला, तर त्या एका बोल्टाखाली अडीच वॅट उष्णता साठत आहे असे समजावे आणि सांधा उघडून पुन्हा साफ करावा. बीएमएस, म्हणजे बॅटरीची देखरेख करणारा सर्किट-बोर्ड, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतो, पण सैल बोल्ट शोधणे हे त्याचे काम नव्हे. फ्यूज आणि ब्रेकर डीसीसाठी, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहासाठीच, बनवलेले घ्यावेत. घरातल्या एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, प्रवाहाची ठिणगी प्रवाह शून्यावर येताच विझायला मदत होते, डीसीत ती संधी मिळत नाही.

पॅनेलची जोडणीही विचारपूर्वक करावी लागते. शंभर वॅटची चार लवचीक पॅनेल एकसरीत लावली, तर थंडीत ७२ व्होल्ट मिळतात, पण उन्हात तापल्यावर ते साठ-बासष्टपर्यंत उतरतात आणि एखाद्या पॅनेलवर झाडाची सावली पडली तर बॅटरी भरण्याइतका व्होल्टेजच उरत नाही. म्हणून दोन-दोनच्या जोड्या समांतर लावून व्होल्टेज वाढवणारा, बूस्ट प्रकारचा एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारे उपकरण, घेतला. आता अर्धे छत सावलीत असले तरी उरलेले अर्धे काम करत राहते. पावसाळ्यात कोल्हापूरच्या ढगांपुढे पॅनेलचा फारसा उपयोग होत नाही. त्या महिन्यांत गाडी घरच्या विजेवर भरावी लागते आणि पूर्ण भरायला तीन युनिटांच्या आत वीज लागते.

कायद्याची बाजू काम सुरू करण्यापूर्वी समजून घ्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नोंदणीतून सूट मिळण्यासाठी मोटारीची तीस मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास देता येणारी) ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असावा लागतो आणि तेही पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेले असावे लागते. माझे वाहन या मर्यादेच्या बरेच पुढे असल्यामुळे ते खासगी आवारातच चालते, आणि तिथेही हेल्मेट, हाताला सहज सापडणारा वीज तोडण्याचा स्विच आणि तिन्ही चाकांना यांत्रिक ब्रेक मी अनिवार्य मानतो. मोटारीच्या पुनर्निर्मितीने, म्हणजे वेग उतरवताना मोटारच जनित्रासारखी चालवून, थोडी वीज परत मिळते, पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना बीएमएस तो प्रवाह तोडू शकतो, तेव्हा थांबण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

सध्या पुढच्या बाजूला फायबरग्लासचे निमुळते आवरण चढवण्याचे काम चालू आहे. त्याने चार-पाच किलो वजन वाढेल, पण ४५ च्या वेगाला तीन-चतुर्थांश विरोध हवेचाच असल्यामुळे ते वजन मला परवडते. आवरण बसले की त्याच रस्त्यावर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, ४५ वरून ३५ चा टप्पा पुन्हा मोजेन. तेराच्या जागी सोळा सेकंद आले, तर मागच्या चाकाचे आवरणही करायला घेईन.