आमची वाटचाल : सोल्डरिंगच्या टेबलावरून सेटिंगच्या पानापर्यंत

आमचा धंदा तुटलेल्या वायरींवर उभा राहिला. हेडफोनची वायर एकतर पिनेच्या मानेशी तुटते, नाहीतर कपाच्या तोंडाशी, अधेमधे क्वचितच. मी, माझा भागीदार, एक टेबल, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर, एवढ्यावर सुरुवात केली. काम दिसायला सोपं, पण ही तार घरातल्या वायरिंगच्या तारेसारखी नसते. आत तांब्याचे बारीक तंतू, बऱ्याचदा प्रत्येकावर लाखेसारखा मुलामा, आणि ताण सोसावा म्हणून मध्ये एक धागा. तो मुलामा जाळून काढल्याशिवाय टाका धरतच नाही. वरून चकचकीत दिसतो, आतून कोरडा राहतो, आणि हेडफोन थोड्याच दिवसांत परत येतो. हे नीट करणारी माणसं कमी, म्हणून आमच्याकडे काम टिकलं.

त्या काळात एक तक्रार वारंवार यायची, आणि तिनंच पुढे आमच्या धंद्याला वळण दिलं. गिऱ्हाईक सांगायचं, "वाद्यं सगळी वाजतात हो, पण गाणारा गायब झालाय." हेडफोनच्या साध्या पिनेवर तीन भाग असतात. टोक डाव्याचं, मधला पट्टा उजव्याचा आणि मागचा भाग दोघांचा सामाईक. हा सामाईक टाका सुटला की डाव्या-उजव्या पडद्यांना परतीची वाट उरत नाही. ते एकामागे एक जोडले जातात आणि त्यांतून फक्त डाव्या-उजव्यातला फरक वाजतो. गाणाऱ्याचा आवाज बहुतेक ध्वनिमुद्रणांत दोन्हीकडे सारखाच असतो. सारख्यातून सारखं वजा केलं की बाकी शून्य. उरतात कडेची वाद्यं आणि आवाजामागचा घुमारा. पिन पूर्ण आत गेलेली नसली तरी हेच होतं, आणि माईकची चार भागांची पिन न जुळणाऱ्या भोकात घातली तरी हेच.

आमच्यापर्यंत येईतो लोकांनी काय काय केलेलं असायचं! गाणी पुन्हा उतरवून घेतलेली, प्लेअर बदललेला, एका गृहस्थांनी तर नवाकोरा डॅक आणलेला. डॅक म्हणजे आकड्यांत साठवलेला आवाज विजेच्या लहरीत उलगडून देणारी डबी. त्यांची ती डबी उत्तम होती, आधीचीही उत्तमच होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. टाका मारून दिला, गायिका परत आली, आणि ते थोडे ओशाळून म्हणाले, "आता या डॅकचं काय करू?"

पुढे २०१६ पासून बड्या कंपन्यांनी फोनमधून ३.५ मिमीचं भोक काढून टाकायला सुरुवात केली आणि पिना बदलण्याचं काम उतरणीला लागलं. त्याच सुमारास लोक डब्याभर अ‍ॅडॉप्टर घेऊन यायला लागले. दिसायला सगळे सारखे, एकीकडे यूएसबी-सी, दुसरीकडे गोल भोक. पण काहींच्या पोटात डॅकची चिप असते आणि काही नुसत्या तारा जोडून देतात. दुसऱ्या जातीचा अ‍ॅडॉप्टर फक्त त्याच फोनला चालतो, जो स्वतःच यूएसबीच्या भोकातून तयार आवाज बाहेर काढतो. बाकी फोनवर तो मुका. यात सोल्डरिंगचा काही संबंध नव्हता, निदान सांगायचं होतं. आणि निदानाचे पैसे कसे मागायचे हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिथून आम्ही घरी जाऊन यंत्रणा लावून द्यायला लागलो. फाइल, प्लेअर, संगणकाची प्रणाली, केबल, डॅक, अ‍ॅम्प, हेडफोन, अशी ती साखळी. अ‍ॅम्प म्हणजे आवाजाला जोर देणारी डबी. पहिल्या कडीपासून एकेक तपासत गेलं तर संध्याकाळ होते, म्हणून आम्ही साखळी मधोमध तोडतो. आमच्या पिशवीत एक साधा वायरवाला हेडफोन असतो. महागडा नाही, पण त्याचा आवाज आम्हां दोघांना पाठ आहे. तो लावूनही दोष राहिला तर गिऱ्हाइकाचा हेडफोन सुटला. मग त्याच डॅकला आमचा फोन जोडायचा. आता दोष गेला तर घोडं संगणकात पेंड खातंय. एवढ्या दोन चाचण्यांत निम्म्याहून जास्त प्रकरणांचा माग लागतो.

संगणकात शिरल्यावर मात्र सेटिंगच्या पानावर चिकाटीने बसावं लागतं. विंडोज सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळून एका ठरावीक दराने पुढे पाठवतं. सीडी १९८२ साली आली ती सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा (म्हणजे आवाजाच्या मोजमापांचा) दर घेऊन, आणि चित्रपट-व्हिडिओंची दुनिया ४८,००० वर चालते. तुमचं गाणं एका दराचं आणि सेटिंग दुसऱ्या दराचं असलं की प्रणाली मध्ये रूपांतर करते. यावरून लोक झोप उडवून घेतात. माझं मत विचाराल तर आजच्या प्रणालीतला हा फरक बहुतेकांच्या कानाला कळत नाही. दर जुळवून द्यायला आम्हांला मिनिटभर लागतं म्हणून देतो, एवढंच. खरा घोटाळा त्याच पानावर जरा बाजूला असतो. 'एन्हान्समेंट्स', आभासी सराउंड, आवाज समपातळीत आणणारी सोय, हे सगळं कुणीतरी कधीतरी चालू केलेलं असतं किंवा अपडेटने आपोआप चालू झालेलं असतं. ते बंद केलं की गिऱ्हाईक विचारतं, "तुम्ही केबल बदललीत का?"

यूएसबी डॅकचंही एक प्रकरण होतं. वरच्या दरांचे डॅक यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीवर चालतात. मॅक आणि लिनक्स त्यांना आधीपासून ओळखत. विंडोजमध्ये ती ओळख थेट आली २०१७ मध्ये, विंडोज १० च्या एका अपडेटमधून. त्याआधी प्रत्येक डॅकला त्याच्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, टाकावा लागे आणि आमचा अर्धा वेळ त्यातच जाई. अजूनही कुणाच्या संगणकात तो जुना ड्रायव्हर दबा धरून बसलेला सापडतो.

टक्-टक् असे आवाज येत असतील तर यूएसबी हब काढून डॅक थेट संगणकाला लावतो, बफर (आवाजाचा आगाऊ साठा) वाढवतो, वाय-फायचा ड्रायव्हर नवा करतो. गाण्याचा पहिला सूर गिळला जात असेल तर बहुतेक वेळा डॅक शांततेत झोपी जातो आणि उठायला वेळ घेतो. वीज वाचवण्याचं सेटिंग बंद करावं. टीव्हीची ऑप्टिकल केबल डॅकला लावली आणि आवाजच नाही, तर टीव्ही डॉल्बी पाठवतोय आणि साध्या डॅकला ते वाचता येत नाही. टीव्हीच्या मेनूत 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) निवडलं की काम झालं.

गुणगुण हा विषय थोडा गंभीर. लॅपटॉप चार्जरवर, अ‍ॅम्प दुसऱ्या सॉकेटवर, मध्ये यूएसबी केबल, आणि हेडफोनमध्ये सतत एक खर्जातला 'हूं'. चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचं कडं तयार झालंय, म्हणजे दोन्ही उपकरणं अर्थिंगमधूनही आणि केबलमधूनही जोडली गेलीत. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्यावीत, नाहीतर मध्ये ऑप्टिकल केबल टाकावी. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे कडं तुटतं. कुणी सुचवतं, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. आवाज खरंच जातो, पण उपकरणात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगात वीज उतरते आणि ते तुमच्या कानाशी जोडलेलं असतं. अशी पिन काढलेली दिसली तर आम्ही ती पूर्ववत होईपर्यंत कामाला हात लावत नाही. यावरून एक-दोन गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

२०२० मध्ये घरी जाणंच बंद झालं आणि काम मात्र वाढलं. सगळे घरून काम करत होते आणि सगळ्यांची एकच रड: "गाणी छान वाजतात, मीटिंग सुरू झाली की डब्यात बोलल्यासारखं येतं." लोक हेडफोन बदलायला निघालेले. फोनवरचा आमचा संवाद साधारण असा:

"माईक कोणता निवडलाय?"

"हेडफोनचाच. ब्लूटूथचा."

"तिथे लॅपटॉपचा माईक निवडा."

थोडी शांतता, मग, "अरे! एवढंच होतं?"

एवढंच होतं. जुन्या ब्लूटूथमध्ये गाणी ऐकण्याची वाट एकेरी असते. हेडफोनचा माईक चालू झाला की यंत्रणा टेलिफोनसाठी बनवलेल्या दुहेरी वाटेवर जाते. तिथे नमुन्यांचा दर सेकंदाला साधारण ८ किंवा १६ हजार, आणि तेही एकाच चॅनलवर. माईक लॅपटॉपचा घेतला की हेडफोन पुन्हा गाण्याच्या वाटेवर येतो.

आता या दोन मिनिटांचे पैसे किती घ्यायचे? इथे मी आणि भागीदार चांगले अडकलो. तोवर आमची कमाई तीन ठिकाणांहून यायची: दुरुस्ती, बसवणी आणि आमच्या सांगण्यावरून विकल्या गेलेल्या मालावरचं कमिशन. भागीदाराचं म्हणणं, कमिशन हाच कणा आहे, सल्ला फुकट द्यावा. माझं म्हणणं उलटं. माल विकून पोट भरणारा माणूस "तुम्हांला नवीन काही घ्यायची गरज नाही" हे वाक्य किती वेळा बोलू शकेल? आम्ही बरेच दिवस भांडलो, मग कमिशन बंद केलं आणि निदानाची ठरावीक फी लावली. दोष दोन मिनिटांत सापडो की दोन तासांत, फी तीच. पहिले काही महिने हात आखडता घ्यावा लागला. नंतर लोक खरेदीच्या आधी यायला लागले, हा बदल आम्हांला अपेक्षित नव्हता.

खरेदीच्या आधी येणारा माणूस एकच प्रश्न घेऊन येतो: या हेडफोनला वेगळा अ‍ॅम्प लागेल का? समजूत अशी की ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) जास्त म्हणजे अ‍ॅम्प मोठा. आम्ही कागदावर गणित करून दाखवतो. ३०० ओहमचा एक हेडफोन घ्या, १ व्होल्टला १०३ डेसिबल देणारा. १०३ म्हणजे चांगलाच मोठा आवाज, आणि त्याला वीज लागली जेमतेम ३.३ मिलिवॅट. आता ५० ओहमचा एक प्लॅनर (सपाट पडद्याचा) हेडफोन घ्या, १ मिलिवॅटला ८३ डेसिबलवर थांबणारा. त्याच १०३ ला पोचायला १०० मिलिवॅट हवेत. व्होल्टेज सव्वादोनच्या आसपास, म्हणजे फार नाही. पण विद्युतप्रवाह पहिल्याच्या तेरापटीहून जास्त. छोट्या डबीचा दम जातो तो इथे. म्हणून ओहमच्या जोडीला संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेत हेडफोन किती मोठा वाजतो, हेही बघायचं, आणि ती दर व्होल्टला दिली आहे की दर मिलिवॅटला हे आधी वाचायचं. शिवाय अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. नाहीतर काही इयरफोनांचा स्वरच बदलतो.

दोन डॅकची तुलना करून हवी असेल तर आधी दोघांची पातळी जुळवतो. जरासा मोठा आवाज कानाला नेहमी 'सरस' वाटतो, म्हणून फरक ०.१ डेसिबलच्या आत आणायचा, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १ टक्का. हेडफोन लावलेलाच ठेवून मल्टिमीटरने मोजतो. साधे मल्टिमीटर घरच्या विजेच्या वारंवारतेसाठी बनवलेले असतात आणि १ किलोहर्ट्झला बरेचदा चुकीचं दाखवतात, म्हणून आम्ही १०० हर्ट्झचा सूर वापरतो. मग कोणता डॅक चालू आहे हे न सांगता ऐकवायचं. बरेच जण इथे खरेदी रद्द करतात. काहींना राग येतो, विशेषतः मित्राच्या सांगण्यावरून आलेल्यांना.

त्यापेक्षा कानाच्या गाद्या बदला, असं मी सांगतो. गादी दबली, फाटली, की कपाची हवाबंद बैठक जाते आणि खर्ज पातळ होतो. चष्म्याची काडीही तेच करते. बंद कपाच्या हेडफोनला हे जास्त जाणवतं. सध्या गाद्या बदलणं हे आमचं बारमाही काम आहे, आणि भागीदार त्यात खूश आहे, कारण त्यात किमान हाताला काहीतरी लागतं. इक्वलायझर (खर्जापासून तारेपर्यंतचे पट्टे कमी-जास्त करणारी सोय) लावून देताना एक नियम पाळतो: एखादा पट्टा ५ डेसिबलने वर नेला तर एकूण पातळी तेवढीच खाली आणायची, नाहीतर आवाजाचे शेंडे कापले जाऊन तो फाटतो.

निघताना गिऱ्हाइकाला एक पान देतो. कोणती केबल कुठे, कोणतं सेटिंग काय, अपडेटनंतर काय काय तपासायचं. खाली जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा: ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८३ ला २० तास. या पानामुळे दुसऱ्यांदा बोलावणं कमी झालं, यावर भागीदार अजून कुरकुरतो.

ब्लूटूथची नवी एलई ऑडिओ पद्धत २०२० मध्ये जाहीर झाली. तिच्यात माईक चालू असतानाही आवाज बरा राहू शकतो, फक्त दोन्ही टोकांची उपकरणं तिला जाणणारी हवीत. ती सगळीकडे पोचली की आमचा सगळ्यात जास्त येणारा फोन बंद होईल. तोवर लॅपटॉपचा माईक निवडा. तेवढ्यासाठी फी भरू नका.