आरए पास, सील नापास

आज भोसरीत एका ओळखीच्यांच्या शॉपवर व्हाइट लाइट इंटरफेरोमीटरचा, म्हणजे प्रकाशाने पृष्ठभागाची उंची-खोली मोजणाऱ्या यंत्राचा, डेमो होता. जॉब साधाच: हायड्रॉलिक सिलिंडरचा ग्राइंड केलेला रॉड, ड्रॉइंगवर आरए, म्हणजे पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा, ०.४ मायक्रॉन. सुई फिरवून खडबडीतपणा मोजणाऱ्या स्टायलस टेस्टरवर पास, पण गिऱ्हाइकाची तक्रार की तेल अडवणारं सील लवकर जातंय.

स्टायलसची हिऱ्याची सुई जेमतेम ४ मिमी रेघ चालते आणि आरए म्हणजे शेवटी सरासरी. टोकदार शिखरं आणि खोल ओरखडे त्यात एकाच मापाने मोजले जातात. सीलला मात्र शिखरंच कापतात! इंटरफेरोमीटरच्या कॅमेऱ्याने प्रकाशाच्या पट्ट्यांवरून त्या तुकड्याची अख्खी उंची-खोली काढली, तीही नॅनोमीटरच्या हिशोबात. ग्राइंडिंगच्या रेघा नांगरटीसारख्या, आणि कडांवर उभे बारीक काटे. बघतच राहिलो.

पण या यंत्राचे लाडही बरेच. शेजारची पॉवर प्रेस सुरू झाली की पट्ट्या थरथरायच्या, म्हणून मोजमाप जेवणाच्या सुट्टीत उरकलं. तेलाचा थर राहिला तर आकडे बिघडतात, त्यामुळे रॉड सॉल्व्हंटने पुसा. फार उभ्या उतारावरून प्रकाश लेन्समध्ये परतत नाही, तिथे चित्राला भोकं.

गंमत म्हणजे ग्राइंडिंगवाल्या काकांनी चित्र यायच्या आधीच नख फिरवून सांगितलं होतं, "साहेब, व्हील नीट ड्रेस झालेलं नाही." म्हणजे ग्राइंडिंगचं चाक हिऱ्याने घासून नीट केलेलं नाही.

किंमत ऐकून मालक गप्प. सध्या ड्रेसिंगचा डायमंड बदलतायत आणि जुन्या टेस्टरवरच आरपीके, म्हणजे शिखरांच्या उंचीचा आकडा, बघणार आहेत. सोय त्यात होतीच, कुणी बटण दाबलं नव्हतं.