आठ हजारांची पावती

सकाळी माझ्या पक्षकार काकूंचा फोन आला. "ताई, भाडेकरू दारात उभाय. आठ हजार आणलेत. घेतले तर केस जाईल ना?"

थकबाकी अठरा हजारांची होती. थकबाकी आणि खोल्यांच्या ताब्यासाठी पुण्याच्या लघुवाद न्यायालयात दावा दाखल होता, भाडेकरूला समन्स बजावून महिना झाला होता. केस चालू असताना भाड्याचा पैसासुद्धा घ्यायचा नाही, असं पेठेत कुणीही सांगतं. या धास्तीनं म्हातारी माणसं औषधाचे पैसे उसने घेतात आणि दारात आलेलं हक्काचं भाडं परत पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो. नोटिशीनंतर भाडं घेतलं तर जागा सोडायची नोटीस रद्द झाली असं धरता येतं, असं सांगणाऱ्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 113 मुळे ही भीती पसरली. पण नुसतं भाडं घेतल्यानं नोटीस रद्द होत नाही, भाडेपट्टा चालू ठेवायचा इरादाही दिसावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली सरूप सिंग गुप्ता प्रकरणात सांगितलंय.

"त्याला बसवा, मी आलेच," म्हटलं.

पावती मीच लिहिली : 'थकीत भाड्यापोटी अंशतः रु. 8,000 मिळाले. दाव्यातील सर्व हक्क अबाधित ठेवून स्वीकारले.' दोन प्रती, दोन्हींवर दोघांच्या सह्या. पुढच्या तारखेला कोर्टात तशी पुरसिस, म्हणजे लेखी निवेदनही दिलं.

पावती खिशात ठेवत तो म्हणाला, "म्हणजे केस मिटली ना, काकू?"

त्यानं अजून वकील लावला नव्हता. मी स्पष्ट सांगितलं, "मी काकूंची वकील आहे, तुमची नाही. पण केस मिटलेली नाही. खोल्या टिकवायच्या तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत उरलेली सगळी थकबाकी, थकबाकीवर वर्षाला 15 टक्के सरळव्याज कोर्टात भरावं लागतं. पुढचं भाडंही नियमित भरावं लागतं, दाव्याचा खर्चही येईल. समन्स घेऊन आजच वकील गाठा. परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करा."

तो गेल्यावर काकू चिडल्या. "तुम्ही माझ्या वकील की त्याच्या?"

"तुम्हाला खोल्या हव्यात की भाडं?" पहिल्याच भेटीत त्यांनी 'भाडं' म्हणून सांगितलं होतं. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "भाडंच."

त्यानं वकील लावला आणि मुदतीत व्याजासकट रक्कम भरली. ती काकूंना काढून मिळावी म्हणून मी अर्ज दिला, कोर्टानं तो मंजूर केला. थकबाकीच्या कारणावर ताबा मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय. दावा अजून चालू आहे, आणि भाडं दर महिन्याला कोर्टात जमा होतंय.