पेठ सुटली

काल टेम्पो रिकामा झाला आणि आम्ही जयसिंगपूरकर झालो. कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत तीन वर्षांच्या लेकीला पळायला जागाच नव्हती. इथं अंगण आहे, पेरूचं झाड आहे.

आज पहिल्यांदा पॅसेंजरनं कोल्हापूरला कामावर गेलो. शाहू महाराजांच्या संस्थानात १८९१ला सुरू झालेली हीच ती मिरज-कोल्हापूर लाईन. जयसिंगपूरही महाराजांनीच वसवलं, वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं. रस्ते कसे सरळ, काटकोनात! रुकडी सुटली, पंचगंगेचा पूल आला आणि उगाच घसा दाटला.

संध्याकाळी परतलो तर लेक दारातच, मुठीत ओली माती.
"पप्पा, हे आपलं?"
आत बायकोच्या फोनवर आई विचारत होती, "रंकाळ्यावर कधी येताय गं?"

रविवारी येतोय, आई.