दोन मध्यंतरांचा सिनेमा

रविवारी दुपारी भाची बोरिवलीहून गिरगावात आली ती आलेखाचा कागद आणि फूटपट्टी घेऊनच. दहावीला आहे. बाईंनी सांगितलंय, रोजच्या जगण्यातली एखादी गोष्ट घ्या आणि तिचं रेषीय समीकरण मांडा. वर्गातल्या निम्म्या मुलींनी रिक्षाचं भाडं घेतलं. (शहाण्या मुली. मीटर पाडल्याचे अमुक, पुढे किलोमीटरला तमुक. उत्तर आधीच तयार.) हिनं सिनेमा घेतला.

"मामा, सिनेमे दर वर्षी किती मिनिटांनी लहान होतात ते काढायचंय."

लहान होतात हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. आमच्या वेळचे क्ष आणि य तिच्या पुस्तकात इंग्रजी अक्षरं होऊन बसलेत, पण काम तेच: आडव्या अक्षावर वर्ष, उभ्यावर मिनिटं. पहिला बिंदू 'संगम', १९६४, मिनिटं २३८. दुसरा 'श्वास', २००४, मिनिटं १०७. चाळीस वर्षांत १३१ मिनिटं गळाली, म्हणजे चढ ऋण, वर्षाला साधारण सव्वातीन मिनिटं. तिनं रेषा तशीच पुढे ओढली आणि एकदम थांबली. २०३७ उजाडायच्या आत रेषा शून्यावर टेकत होती. त्यानंतरचे सिनेमे उणे लांबीचे. म्हणजे तिकीट काढायचं आणि वर थिएटरनंच आपल्याला थोडा वेळ द्यायचा!

मी म्हटलं, 'संगम' खोड, 'सैराट' घे. २०१६, मिनिटं १७४. बारा वर्षांत ६७ मिनिटं वाढली, वर्षाला साडेपाचच्या वर. आता २०३७ चा सिनेमा जवळजवळ पाच तासांचा. त्याच कागदावर एक रेषा पाताळात आणि एक गच्चीवर.

"मग पहिल्यापासूनच सुरू करते," ती म्हणाली.

पहिला म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'. ३ मे १९१३, आमच्या गिरगावातलंच कोरोनेशन थिएटर. लांबी ३,७०० फूट. फूट म्हटल्यावर भाची हसायला लागली, पण सिनेमा तेव्हा कापडासारखाच मोजत. आमच्या चाळीत एक ऑपरेटर काका होते, थिएटरात मशीनवर असायचे. त्यांच्याकडून मला हा हिशेब लहानपणीच पाठ: फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, पडद्यावर सेकंदाला २४, म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांचं. काका जेवायच्या वेळासुद्धा रिळांत सांगत, "दोन रिळांनी आलोच."

३,७०० ला ९० ने भागा, ४१ मिनिटं येतात. पण मूकपटांच्या काळात यंत्र हातानं फिरवत आणि वेग ठरलेला नसे. सेकंदाला १६ चौकटींनी फिरवलं तर मिनिटाला ६० फूटच जातात आणि तोच 'हरिश्चंद्र' एक तासाच्या वर जातो. राजा तोच, राज्य तेच, हँडल फिरवणाऱ्याच्या मनगटावर वीस मिनिटांचा फरक. आलेखातला पहिलाच बिंदू जागचा हलायला लागला. मला तर हा बिंदू सगळ्यांत आवडला. भाचीला अजिबात नाही.

पुढे दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मचा तुटवडा पडला तेव्हा सरकारनं सिनेमाला ११,००० फुटांची मर्यादा घातली. भागिले ९०: दोन तास दोन मिनिटं. तेव्हा कथेनं किती पसरायचं हे गोदामात किती रिळं आहेत त्यावर ठरत होतं. हे बीजगणितात कुठल्या चलानं दाखवायचं?

इतका वेळ आई भाजी निवडत ऐकत होती. "'संगम'ला दोन मध्यंतरं होती," ती म्हणाली. "पहिल्यात वडा खाल्ला. दुसऱ्यात बाबांनी पैसे काढलेच नाहीत." साठ वर्षांनंतरही तो दुसरा वडा तिच्या मनातून गेलेला नाही. मिनिटं तिनं कधी मोजली नाहीत. खेळ तीनचा, सहाचा नाहीतर नऊचा. मॅजेस्टिक, जिथे १९३१ मध्ये 'आलम आरा' लागला होता, ते तिच्या चाळीपासून चालत सात मिनिटांवर.

मग भाचीनं परवाचा आमचा हिशेब काढला. सिनेमा दोन तास दहा मिनिटांचा. घरातून पाचला निघालो, परत येऊन चपला काढल्या तेव्हा पावणेदहा. जाहिराती, पॉपकॉर्नची रांग, गाडी लावायला तळघराचे तीन मजले, येताना रस्ता खणलेला. समीकरणात शेवटी जे स्थिर पद असतं ना, तेच मुंबईत दर वर्षी वाढतं. तीन तासांचा सिनेमा बघून आई सव्वातीन तासांत घरी यायची. आम्ही दोन तास दहा मिनिटांचा बघून पावणेपाच तासांनी.

"पण बाईंना एक सरळ रेषा हवीय," भाची रडवेली झाली. संध्याकाळी तिनं मुकाट्यानं रिक्षाचं भाडं घेतलं. त्यासाठीही घरीच जावं लागलं, गिरगावात रिक्षा येतच नाही.

आलेखाचा कागद मात्र इथेच राहिला. रात्री पाहतो तर आई चष्मा लावून त्यावर पेन्सिलीनं स्वतःचे ठिपके देत बसलेली. मला बघून म्हणाली, "जो सिनेमा चालू असताना मला झोप लागली, त्याची मिनिटं किती धरायची रे?"