गेम ही कला असते का? तुम्ही विचारलंत म्हणून

चित्रकलेचा क्लास घेते, त्यामुळे पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. एलिमेंटरीला कधी बसवायचं, रंग कुठल्या कंपनीचे घ्यायचे, हात कधी सुधारेल. गेल्या काही वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आणि आता तोच जास्त येतो. "मॅडम, पोरगा दिवसभर गेमच खेळून राहिला. वरून म्हणते, ही पण कलाच आहे. खरंच असते का हो?" नागपुरातल्या प्रतापनगरच्या आया विचारतात, महालातले आजोबाही विचारतात. फाटकाशी उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

हो, असते. फक्त मुलं त्यासाठी जे कारण देतात ते मला पटत नाही.

मुलं मोबाइल पुढे धरतात आणि म्हणतात, "ग्राफिक्स बघा ना!" पाण्यावरची तिरीप, चिलखतावरचा गंज, लांबवर धूसर होत जाणारे डोंगर. त्यामागची मेहनत मला कळते. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'नं २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. त्याच्या चित्रांवर पहाडी लघुचित्रांची छाप आहे आणि गोष्ट पुढे नेताना छायाबाहुल्यांचा ढंग वापरला आहे. रंगसंगती शिकवताना मी तो आवर्जून दाखवते. पण त्यातलं एखादं दृश्य छापून भिंतीवर लावलं तरी ते तितकंच सुंदर राहील. ती चित्रकाराची कला झाली. गेमची म्हणून जी काही कला असेल, ती छापता न येणाऱ्या भागात शोधायला हवी. हा भाग म्हणजे नियम, आणि ते नियम तुमच्या हातून जे करवून घेतात ते.

हे मला 'पेपर्स, प्लीज'मुळे कळलं. लुकास पोप या एकट्या माणसानं केलेला, २०१३ चा गेम. मे महिन्यात क्लास बंद होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि कूलरसमोर बसून भाच्यानं तो मला खेळायला लावला. दिसायला अगदी साधा: मळकट रंग, ठोकळेबाज चेहरे. तुम्ही आर्स्टोट्झ्का नावाच्या एका काल्पनिक देशाच्या सरहद्दीवरचे तपासनीस. रांगेतल्या माणसाची कागदपत्रं तपासायची, हिरवा किंवा लाल शिक्का मारायचा. जितकी माणसं तपासाल तितका पगार. त्यातून घरभाडं, जेवण, शेकोटीचा खर्च, आजारी माणसाचं औषध. एका नवऱ्याची कागदपत्रं बरोबर असतात. जाता जाता तो सांगतो, मागून बायको येते आहे, तिच्याशी नीट वागा. ती येते, आणि तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. आत सोडलं तर तुमच्या नावावर चूक लागते. अशा चुका वाढल्या की पगार कापला जातो, आणि घरी पोर आजारी आहे.

मी तिला आत सोडलं. त्यानंतरच्या माणसांकडे मात्र मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. चेहरा बघायच्या आधी तारीख बघायची, तारीख वाचायच्या आधी हात लाल शिक्क्याकडे जायचा. कोणी मला रागवलं नव्हतं, कोणी दुष्ट व्हायला सांगितलं नव्हतं. पगार, घड्याळ आणि रांग, एवढ्यानंच ते झालं. खिडकीपलीकडचा कारकून असा का होतो, हे आपण वाचलेलं असतं, नाटकात पाहिलेलं असतं. इथे तो कारकून माझ्या बोटांत आला होता. हा अनुभव मला चित्रानं दिला नसता, आणि चित्रावर माझं पोट आणि जीव दोन्ही आहेत.

विरोधातला सगळ्यात वजनदार आवाज अमेरिकेतले चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांचा. गेम ही कधीच कला होऊ शकणार नाही, असं त्यांनी २०१० मध्ये लिहिलं. मुद्दा असा की गेम जिंकता येतो. त्याला नियम असतात, गुण असतात, उद्दिष्ट असतं, आणि कला काही जिंकायची गोष्ट नव्हे. पुढे त्याच वर्षी त्यांनी मान्य केलं की गेम न खेळताच आपण हे बोलायला नको होतं. मत मात्र सोडलं नाही. मला त्यांचा मुद्दा क्षुल्लक वाटत नाही. पण २००५ चा 'शॅडो ऑफ द कोलोसस' घ्या. मेलेल्या मुलीला परत आणण्यासाठी एक तरुण सोळा महाकाय प्राण्यांना मारत जातो. त्यातले काही आपल्या वाटेलाही जात नाहीत. प्रत्येक जण कोसळतो तेव्हा विजयाची तुतारी वाजत नाही, विलापाचं संगीत सुरू होतं. जिंकलात खरे, आणि जिंकणंच तुम्हाला टोचतं. म्हणजे या कलाकारानं जिंकण्याचाच रंग म्हणून वापर केला.

आणि नियम, गुण, ओळखा-जिंका यांचं कलेशी वावडं असतं हे आपल्याला, निदान विदर्भात वाढलेल्यांना, कोणी सांगू नये. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही मुली घरोघर भुलाबाई मांडायचो. गाणी, टिपऱ्यांचा ठेका, मातीच्या भुलोबा-भुलाबाईची सजावट, आणि शेवटी झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखायची. गोड की तिखट, आवाज कसला येतो. ओळखल्याशिवाय मिळायची नाही. ते गाणं होतं की खेळ, हे वेगळं काढायची गरज कुणालाच पडली नाही. प्रेक्षक म्हणून बाजूला बसलेली बाई तिथे नसायचीच.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१२ मध्ये चौदा गेम संग्रहात घेतले, त्यात 'पॅक-मॅन' आणि 'टेट्रिस'ही होते. मुलं हा दाखला फार देतात. ते गेम त्या संग्रहालयाच्या डिझाइन विभागात गेले, हे मी त्यांना आठवण करून देते. शिवाय संग्रहालयाच्या दारावर कला ठरत नाही. तसं असतं तर आपल्या चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, घडणाऱ्या गणपतींचं काय म्हणायचं?

आता पालकांच्या मनातली खरी भीती. मोबाइलवर पैसे लावून जे चालतं ते या चर्चेत मी धरतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्यावर बंदीचा कायदाही केला. आणि फुकट म्हणून सुरू होणारे, पोराला पुन्हा पुन्हा ओढून आणण्यासाठीच रचलेले गेमही पुष्कळ आहेत. तेही नियमांनीच हात हलवतात, पण बदल्यात काही दाखवत नाहीत. असे गेम आणि 'पेपर्स, प्लीज'सारखे गेम यांत फरक करायला मुलाला शिकवायचं तर आधी तो आपल्याला कळायला हवा, आणि दारातून "बंद कर ते" म्हणून तो कळत नाही.

गेम बनवायचाच म्हणणाऱ्या मुलांना मी क्लासमध्ये कागदावर बनवायला लावते. चार नियम, दोन सोंगट्या. मग तो दुसऱ्या मुलाला खेळायला द्यायचा आणि स्वतः तोंड मिटून बघायचं. मित्र कुठे अडला, कुठे चिडला, कुठे त्यानं सोंगटी उचलून परत ठेवली. ही टिपणं मी स्केचइतकीच बारकाईनं तपासते.

आणि पालकांनो, एक संध्याकाळ मुलाशेजारी बसा, खेळ स्वतःच्या हातात घ्या. 'पेपर्स, प्लीज' २०२२ पासून मोबाइलवरही मिळतो. इंग्रजी थोडं वाचावं लागतं, ते पोराकडून समजून घ्या. पहिल्या दिवसाचा नियम सोपा आहे: फक्त आर्स्टोट्झ्काच्या नागरिकांना आत सोडायचं, बाकी सगळ्यांना परत पाठवायचं.